कोणतं सुपे?

१२ मे १८७५. सुप्याच्या बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांतली शेतकरी मंडळी जमली, सावकारांच्या दुकानांवर गेली आणि खातेवह्या, कर्जरोखे मागू लागली. हाती आले ते कागद जाळले गेले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरांना आगी लागल्या. तिथून उठलेलं लोण थोड्याच दिवसांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासाच्या पुस्तकांत या उठावाला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात, आणि परीक्षेत त्याची कारणं विचारली जातात.

पारनेर तालुक्यातल्या सुपा गावचं पोरगं हा धडा वाचतं तेव्हा त्याचे कान टवकारणारच. पुणे-नगर रस्त्यावरचं आपलं सुपा, आपला बाजार, आणि पुस्तकात आपलं नाव! अशा वेळी शिक्षकापुढे दोन वाटा असतात. ‘ते सुपे वेगळं रे’ असं सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळणं ही एक. दुसरी वाट जास्त वेळ खाणारी आहे. मुलांनाच विचारायचं: हे आपलंच गाव आहे, हे तुम्हाला कशावरून कळलं? आणि नसेल, तर ते कशावरून कळेल?

आठवी-नववीच्या मुलांना हा शोध सहज झेपतो. दंगा पुणे जिल्ह्यात सुरू झाला असं पुस्तकच सांगतं. मग पारनेर तालुका तेव्हा पुणे जिल्ह्यात होता का? नगर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८४ साली छापलं गेलं, पुणे जिल्ह्याचं १८८५ साली, आणि आज दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पुण्याच्या गॅझेटियरात भीमथडी तालुक्यात एक सुपे सापडतं. तेच आजच्या बारामती तालुक्यातलं सुपे. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या पुणे-सुपे या जोडनावातलं सुपेही हेच. पारनेरच्या मुलांचा हिरमोड होतो, पण घटकाभरच. कारण दंगे नगर जिल्ह्यात शिरले तेव्हा ज्या तालुक्यांतली गावं पेटली त्यांत श्रीगोंदा, कर्जत आणि नगर यांच्याबरोबर पारनेरचंही नाव आहे. गाव चुकलं, पण तालुका बरोबर निघाला.

या शोधात मुलं बरंच काही शिकून जातात. एकाच नावाची दोन गावं असतात. तालुक्यांच्या हद्दी आणि नावं बदलतात. छापलेल्या वाक्याच्या मागे कोणता तरी कागद असतो आणि तो कुणी, कशासाठी लिहिला ते पाहावं लागतं. यातला एकही मुद्दा फळ्यावर लिहून पाठ करून घेतला असता तर आठवडाभर टिकला नसता.

शोध इथून पुढे आपोआप सरकतो. सुप्याच्या आधी काय घडलं होतं? पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात कर्डे नावाचं गाव आहे. तिथे डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या कर्जबाजारी शेतकऱ्यावर हुकूमनामा मिळवला, त्याचं घर लिलावात दीडशे रुपयांना घेतलं आणि पाडायला काढलं. देशमुख चांगल्या घराण्यातला माणूस. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही, शेतावर कुणी राबायचं नाही. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात ही हकिगत आली आणि १८७८ मध्ये तो अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. एका गावातल्या एका घराचा वाद लंडनपर्यंत कसा पोहोचला, याचा माग काढताना मुलांच्या हाती अमेरिकेतली यादवी लागते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच जमिनीच्या फेरमोजणीनंतर सारा वाढला. देणेकरी आणि सावकार दोघेही पेचात सापडले. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातून आला.

शिकवणाऱ्याने इथे एक पथ्य पाळायलाच हवं. ज्या घरांचे रोखे जळाले त्यांचे आणि ज्यांनी ते जाळले त्यांचे पणतू-खापरपणतू आज एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेले असू शकतात. म्हणून ‘कुणाच्या आजोबांनी काय केलं’ हा प्रश्न घ्यायचाच नाही. ‘कर्ज कसं चढत गेलं, कागदावर काय लिहिलेलं असे, अंगठा करणाऱ्याला ते वाचता येत होतं का’ हे प्रश्न घ्यायचे. दंगेखोरांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त का होता, याचं उत्तर मुलं मग स्वतःच देतात.

महाराष्ट्रातल्या मुलाला शाळेत इतिहास ठरावीक क्रमाने भेटतो. गेल्या दशकातल्या पुस्तकांपुरतं बोलायचं तर तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं. चौथीत शिवछत्रपती. मग आदिमानवापासून पुढे सरकत प्राचीन भारत, मराठ्यांचा काळ, स्वातंत्र्यलढा. दहावीत तर ‘उपयोजित इतिहास’ असाही भाग आहे. इतिहासाची साधनं भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन प्रकारची असतात, हे मुलं एकाहून अधिक वेळा शिकतात आणि उदाहरणांसह लिहूनही येतात. पुस्तकांचा आराखडा वाईट नाही. अडचण अशी की जिल्हा तिसरीत येतो आणि तिथेच राहतो. आठ वर्षांच्या मुलाला जिल्ह्यातल्या नद्या, पिकं, प्रेक्षणीय स्थळं कळतात, पण पुरावा तपासण्याची समज त्या वयात यायची असते. ती येते तेव्हा अभ्यासक्रम दिल्ली, पॅरिस आणि रशियात पोहोचलेला असतो. साधनांचा धडा आणि साधनं यांची गाठ पडतच नाही.

गाठ घालायची तर वीरगळापासून, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेपासून सुरुवात करावी. देशावरच्या कितीतरी गावांत देवळाच्या आवारात, पाराखाली, ओढ्याकाठी असे दगड उभे किंवा आडवे असतात. कुणी शेंदूर फासलेला असतो, कुणी त्यावर धुणं धुतं. मुलांना दगडापुढे बसवून खालून वर वाचायला सांगावं. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई: हातात ढाल-तलवार घेतलेला माणूस, कधी घोडा, कधी गुरांची रांग. गुरं असतील तर तो बहुधा गोधन वाचवताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसून पूजा करतो आहे, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा झिजलेल्या रेषाही दिसू लागतात. खडूने कोरीवकाम रंगवायचं नाही, घासायचं नाही. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि कागदावर चित्र काढायचं. चित्र काढताना डोळा जितका थांबतो तितका फोटो काढताना थांबत नाही, म्हणून हे दुसरं काम टाळू नये.

बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावात विचारलं तर कुणी पांडवांचं नाव घेतं, कुणी एखाद्या सरदाराचं. इथे मुलांच्या वहीत तीन रकाने असावेत: डोळ्यांनी काय दिसलं, लोक काय सांगतात, आणि यातलं कशाला आधार मिळाला. दंतकथा दुसऱ्या रकान्यात मानाने लिहायची. ती खोडायची नाही आणि पहिल्या रकान्यात ढकलायचीही नाही. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. इतिहासासाठी ते पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत पायी हिंडत, शेंदूर लावलेल्या अनघड दगडाजवळ थांबत, धनगरांशी बोलत, देवीच्या जत्रेची तिथी विचारत आणि जुन्या वाटा शोधत. लोकांच्या श्रद्धेत जुन्या समाजाच्या खुणा कशा उरतात, हे त्यांनी १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात दाखवलं. त्यांची पद्धत शाळेला परवडणारी आहे. तिला पाय, वही आणि विचारण्याची हिंमत एवढंच लागतं.

याच पद्धतीने टाकळी ढोकेश्वरची लेणी पाहता येतात. नगर-कल्याण रस्त्यावरच्या या गावाजवळ डोंगरात शैव लेणं आहे. साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचं. आत सप्तमातृकांचा पट आहे, गाभाऱ्याभोवती खडकातच कोरलेला प्रदक्षिणामार्ग आहे. सहल नेली की मुलं दर्शन घेतात, डबा खातात आणि परततात. त्याऐवजी त्यांना एकच प्रश्न देऊन न्यावं: लेणं इथेच का? मग मुलं उतारावरून खाली बघतात. नगरकडून जुन्नर आणि घाटांमार्गे कोकणात उतरणारी वाट याच भागातून जाते हे नकाशावर दिसतं. वाट असेल तर व्यापारी असतील, जकात असेल, मुक्काम असेल, दान देणारे हात असतील. लेण्यावर तसं लिहिलेलं नाही, हा अंदाज आहे. वहीत तो अंदाज म्हणूनच लिहायचा.

तालुक्याच्या दोन गावांतले दोन वाडे राज्याचा इतिहास उलगडायला पुरेसे आहेत. जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे. पळशीला होळकरांच्या चाकरीत मोठ्या हुद्द्याला चढलेल्या पळशीकरांचा वाडा, तटबंदी आणि नक्षीकामाने नटलेलं विठ्ठल मंदिर आहे. पाठ्यपुस्तकात शिंदे आणि होळकर म्हणजे ग्वाल्हेर आणि इंदूर, उत्तरेतली दूरची नावं. पारनेरच्या मुलाला ती एका एसटीच्या अंतरावर भेटतात. पानिपतावर जखमी झालेले महादजी पुढे १७७१ मध्ये दिल्लीत मराठ्यांचा शब्द चालवतात, १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्याच फौजा एकमेकींवर तुटून पडतात, आणि १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडीला मरण पावतात. हे सगळं चालू असताना जामगाव आणि पळशीतल्या माणसांना काय वाटत असेल? दोन्ही गावांतल्या शाळांनी एकमेकांना पत्रं लिहून आपापल्या वाड्याबद्दल जे सापडलं ते कळवलं, तर या प्रश्नाला निदान तोंड फुटेल. उत्तरेतून पैसा आला तो वाड्यात, देवळात आणि बारवेत कसा जिरला? दगड कुठल्या खाणीतला? लाकूड कुठून आलं? कोरणारे कारागीर गावचे की बाहेरचे? अशा प्रश्नांनी इतिहास सरदारांकडून पाथरवटांकडे आणि सुतारांकडे वळतो. तिथे तो फार थोड्या वेळा वळला आहे.

खुद्द पारनेरचा सगळ्यांत प्रसिद्ध माणूस मुलांना आधीच ठाऊक असतो. पांडुरंग महादेव बापट, जन्म पारनेर, १२ नोव्हेंबर १८८०. मुंबईत आणि पुण्यात त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. जयंतीला भाषणं होतात आणि भाषणांत विशेषणं पुष्कळ असतात. विशेषणं बाजूला ठेवली की माणूस जास्त विलक्षण दिसतो. एडिंबरोला शिष्यवृत्तीवर शिकायला गेला, पॅरिसहून बॉम्ब बनवण्याची विद्या घेऊन आला, आणि मायदेशी हातात झाडू घेऊन रस्ते साफ करू लागला. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहामुळे मिळाली. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणात मावळातली गावं बुडणार होती, त्या शेतकऱ्यांचा तो लढा. १९२४ मध्ये धरणाच्या कामावरची रेल्वे शस्त्रानिशी अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. आता मुलांपुढे खरा प्रश्न येतो: हा सत्याग्रह होता का? गांधीजींच्या मार्गात हे बसतं का? बापटांना काय वाटत होतं, शेतकऱ्यांना काय वाटत होतं, विजेवर गिरण्या चालवणाऱ्या मुंबईला काय वाटत होतं? नववीचा वर्ग यावर तासभर भांडू शकतो, आणि त्या भांडणात मुलांना धरणग्रस्त या शब्दाचा शंभर वर्षांचा पल्ला दिसतो. बापटांचा मोठेपणा त्याने उणावत नाही.

ज्याला साक्षीदार जिवंत आहेत असा इतिहास मात्र आधी गोळा करायला हवा. पारनेर हा कायमचा अवर्षणप्रवण तालुका. बाहत्तरचा दुष्काळ ज्यांनी कळत्या वयात पाहिला ती माणसं आता पासष्टीच्या पुढची आहेत. त्यांच्या अंगावर खडी फोडल्याच्या, माती वाहिल्याच्या, नालाबांधावर दिवस काढल्याच्या खुणा आहेत. मूल आजीपुढे बसून ‘दुष्काळाविषयी माहिती सांग’ म्हणालं की आजी म्हणते, ‘लई वाईट दिवस होते बाळा’, आणि मुलाखत तिथेच संपते. प्रश्न बारीक हवेत. कामावर निघताना भाकरी कशाची होती? मिलो पहिल्यांदा रांधला तेव्हा तो कसा लागला? सुकडी कुठे मिळायची, कोणाला मिळायची? हजेरीपटावर नाव कुणाचं, आणि मजुरी कुणाच्या हातात पडायची? बैल विकले की चारा शोधत कुठे नेले? तान्हं मूल कामावर कुठे ठेवायचीस? अशा प्रश्नांना आजी हातवारे करून, जागा दाखवून उत्तर देते. गावचा अमुक पाझर तलाव, अमुक रस्ता हा तिच्या हाताने झालेला असतो. रोजगार हमी योजना महाराष्ट्रात जन्मली आणि पुढे देशाच्या कायद्याला तिचा आधार झाला, हे पुस्तकातलं वाक्य मग त्या तलावाच्या भिंतीवर उभं राहून वाचता येतं.

आजीची आठवण चुकूही शकते. बाहत्तर आणि बावन्न यांची सरमिसळ होते, लग्नाचं वर्ष पुढेमागे सरकतं. म्हणून दुसऱ्या घरातल्या दुसऱ्या म्हातारीला तेच विचारायचं, आणि शक्य असेल तिथे तिसरी म्हातारी गावकुसाबाहेरच्या वस्तीतली निवडायची. सार्वजनिक विहिरीवर त्या वर्षी कोण आधी पाणी भरायचं, याचं उत्तर तीन घरांत तीन तऱ्हांचं येऊ शकतं. तिन्ही उत्तरं लिहून ठेवावीत. मुलं त्यावरून गावाबद्दल जे शिकतील ते कोणताही शिक्षक भाषणातून सांगू शकणार नाही.

राळेगणसिद्धीच्या बाबतीत ही सवय फार उपयोगी पडेल. १९७५ च्या सुमारास सैन्यातून परतलेले अण्णा हजारे, यादवबाबांचं देऊळ, दारूबंदी, पाणलोटाची कामं, १९९० ची पद्मश्री, १९९२ चं पद्मभूषण. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती एका साच्यात बसली आहे. पाणी कोणत्या वर्षी कोणत्या विहिरीला वाढलं, पिकं कशी बदलली, बाया काय म्हणतात, ज्यांची दारूची भट्टी बंद झाली त्यांनी पुढे काय केलं, हे शोधायला गावचीच मुलं सगळ्यांत योग्य. पीकपाहणी सातबाऱ्यावर नोंदलेली असते. आठवण आणि सातबारा शेजारी ठेवून वाचले की दोन्हींचं वजन कळतं.

कागदांचा सगळ्यांत जवळचा साठा शाळेच्या कपाटातच असतो. जुन्या जिल्हा परिषद शाळांचं जनरल रजिस्टर कधी कधी शंभर वर्षांपलीकडे जातं. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, नावं आणि जाती उतरवून न घेता, फक्त मोजणी करायची. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली? त्यानंतर दुसरी यायला किती वर्षं लागली? दाखला घेऊन शाळा सोडण्याच्या कारणांत ‘परगावी’ हा शेरा कोणत्या वर्षांत वाढला? पारनेरची माणसं पोटासाठी मुंबईला गेली हे घरोघरी ठाऊक आहे. ती केव्हा गेली, हे रजिस्टर सांगू शकतं.

दुसरा साठा आहे कोतवाल बुकाचा. इंग्रजी अमदानीत गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल कळवायचा आणि त्यांची नोंद व्हायची. ही जुनी पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, पुष्कळशी मोडी लिपीत. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा ही पुस्तकं अचानक सगळ्यांच्या तोंडी आली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. इतिहास शिकणाऱ्या मुलांना त्यांत आणखी एक गोष्ट दिसू शकते. एखाद्या गावाचं १९१८ सालचं पुस्तक टिकलं असेल तर सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंतच्या मृत्यूच्या नोंदी आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताडून बघाव्यात. त्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यातून खेड्यापाड्यांत पसरली होती. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं दगावली. नोंदीत कारण ‘ताप’ एवढंच असेल. वयाचा रकाना वाचला तर म्हाताऱ्यांबरोबर वीस-तीस वर्षांची तरणी माणसंही ओळीने गेलेली आढळतील, कारण या साथीची तशीच रीत होती. ज्या मुलांनी लहानपणी कोरोनाचं टाळेबंद वर्ष काढलं आहे, त्यांना ते पान समजावून सांगावं लागणार नाही.

मुलं अशी खोलात गेली की कधी तरी कुणाला न आवडणारं काही तरी वर येतं. जर्मनीत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने १९७३ पासून शालेय मुलांसाठी इतिहासशोधाची स्पर्धा भरते. विषय दिला जातो, शोध मुलांनी आपल्याच गावात घ्यायचा. पासाऊ या छोट्या शहरातल्या आना रोसमुस या मुलीने १९८० च्या सुमारास नाझी काळात आपलं गाव कसं होतं, हा विषय घेतला. गाव नाझींच्या विरोधात होतं असं तिला सांगण्यात आलं होतं, कागद वेगळंच बोलू लागले. दफ्तरखान्याची दारं बंद झाली, शेजारी फिरले, धमक्या आल्या. तिने काम सोडलं नाही, पुढे पुस्तकं लिहिली आणि तिच्या अनुभवावर १९९० मध्ये चित्रपटही निघाला.

पारनेरमध्ये तेवढं मोठं वादळ येणार नाही, पण देवस्थानाची जमीन, वतनाचा वाद, पाणवठ्यावरची बंदी, एखाद्या वंशावळीतली भर असं काही ना काही निघतंच. अशा वेळी मुलाला पुढे करून शिक्षकाने मागे राहणं गैर आहे. काय छापायचं, काय वर्गापुरतं ठेवायचं, कुणाचं नाव गाळायचं, हे आधी ठरलेलं असावं आणि गावातल्या दोन-चार समंजस माणसांना ते माहीत असावं. नाजूक विषयांत जिल्ह्याचं नावही येतं. ते २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. वर्गातल्या कुणाचा जन्मदाखला एका नावाचा, धाकट्या भावाचा दुसऱ्या. १४९० च्या दशकात मलिक अहमद निजामशहाने शहर वसवलं, १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहिल्याबाईंचा जन्म झाला. दोन्ही गोष्टी याच जिल्ह्याच्या आहेत आणि मुलांना दोन्ही पुराव्यानिशी माहीत असायला हव्यात. नावावर मत काय असावं, हे वर्गाने ठरवायची गरज नाही.

काम झालं की त्याचं पुढे काय, हा प्रश्न शाळा बहुधा विसरतात. प्रकल्पाच्या फायली मूल्यमापन झालं की रद्दीत जातात. वीरगळांची चित्रं, मुलाखतींच्या वह्या, जागेचे नकाशे यांची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत राहिली, तर पुढच्या वर्षीची मुलं तिथून पुढे जातील. अमेरिकेत जॉर्जियाच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेतल्या मुलांनी १९६६ मध्ये गावातल्या म्हाताऱ्यांकडून घरं बांधण्याची, औषधींची, शिकारीची माहिती घेऊन ‘फॉक्सफायर’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. त्याची पुढे पुस्तकं झाली आणि खपली. आपल्याकडे हेमा रैरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, मुळशीच्या डोंगरातल्या बायकांच्याही. पारनेरमध्येही त्या गाणाऱ्या बाया आहेत, आणि जातं घराच्या कोपऱ्यात पडलेलं आहे. तिथे मोबाइलवर आवाज मुद्रित करणं पाचवीच्या मुलीलाही जमतं. ओवी कुणी म्हटली, कोणत्या गावात, ती तिने कुणाकडून उचलली, एवढं मात्र तिने त्याच वेळी सांगून ठेवायला हवं.

मोडीचं काम त्याहून चिकाटीचं आहे. पेशवे काळाचं प्रचंड दफ्तर पुण्याच्या अभिलेखागारात आहे, आणि गावोगावच्या ट्रंकांत, देवघरांतही मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. ते न वाचताच वाळवीला गेले तर तालुक्याचा इतिहास कायमचा बोबडा राहील. उन्हाळ्याच्या सुट्टीत नववीच्या मुलांना मोडी अक्षरं ओळखता येऊ लागतात. सुरुवात तारखेपासून करावी, कारण तिथे गणिताचाही खेळ आहे. या कागदांवर शुहूर सन असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात, आधी एकक, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. हा सन मृग लागताना बदलतो, म्हणून कागद पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतला असेल तर १७७६, आणि पौषाच्या पुढचा, उन्हाळ्यातला असेल तर १७७७ धरायचं.